चाक निवेपर्यंत

इरा आणि ओजस,

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर एक फोटो पाठवलात. लांबलचक रस्ता, कडेला हिरवी कुरणं, तुमच्या बाबांची पांढरी बोट ट्रेलरवर बांधलेली, आणि ट्रेलरचं एक चाक काढून गवतात आडवं ठेवलेलं. खाली इराने लिहिलं होतं, ‘आजी, बेअरिंग गेलं. सुट्टी वाया.’ तुमच्या आईने संध्याकाळी फोन करून विचारलं, बघितलास का फोटो, हसलीस की नाही? मी हसले नव्हते. मी तो फोटो बोटांनी मोठा करून चाकाच्या मधल्या भागाकडे बघत बसले होते. काळं झालेलं ग्रीस बाहेर ओघळलेलं दिसत होतं. इथे बोरिवलीत, आठव्या मजल्यावर, खिडक्या बंद असताना मला त्याचा वास आला.

ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितली नाही. सांगायला बसलं की आधी बोटीचा ट्रेलर म्हणजे काय, मग बेअरिंग म्हणजे काय, त्यात ग्रीस कशाला, इथपासून सुरुवात करावी लागायची आणि तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपायचा. आता जगाच्या दुसऱ्या टोकाला माझी दोन नातवंडं अशी आहेत, ज्यांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी रस्त्याच्या कडेला पाहिलंय. शिवाय डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून माझं अक्षर पुन्हा ओळीत येऊ लागलं आहे. म्हणून आत्ता लिहिते. आईकडून वाचून घ्या, आणि मालवणी बोलणं आलं की तिला ते नीट हेल काढून वाचायला लावा.

आमचं घर मालाडला, मार्वे रोडच्या शेवटच्या वळणावर होतं. तेव्हा त्या रस्त्याला दिवे कमी आणि माड जास्त होते. घर म्हणजे तीन खोल्या, मागची पडवी आणि बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये एक जुनी जीप आणि तिच्यामागे लावायचा गाडा. तुम्ही ज्याला ट्रेलर म्हणता त्याला आम्ही गाडा म्हणायचो. माझे वडील, अण्णा, मूळचे मालवणकडचे. बोटींच्या इंजिनांची कामं करत करत ते मार्व्याला स्थिरावले. भंगारातल्या एका जीपचा अ‍ॅक्सल घेऊन, त्यावर लोखंडी चॅनल जोडून त्यांनी तो गाडा स्वतः बनवला होता. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीतल्या लहान होड्या, शौकीन लोकांच्या शिडाच्या बोटी गाड्यावर चढवून वर आणायच्या, आणि पाऊस ओसरला की परत पाण्यात सोडायच्या, हे त्यांचं काम. मला त्या घराचा विचार आला की आधी आवाज आठवतात. मनोरीहून येणाऱ्या फेरीबोटीचं फटफट इंजिन, भरतीचं पाणी खारफुटीत शिरतानाची बुडबुड, पत्र्यावर पडणाऱ्या झावळ्या, आणि या सगळ्याखाली अण्णांच्या हातोडीची एकसारखी ठोक. दुपारी शाळेतून येऊन पडवीत आडवी झाले की हे सगळे आवाज एकमेकांत मिसळत आणि मला वाटायचं, घरच हळूहळू कुठेतरी चाललं आहे, नांगर सुटलेल्या होडीसारखं.

गाडा अण्णांचा, पण गाड्याची चाकं आईची. हे कसं झालं ते ऐका. बोट पाण्यात सोडायची म्हणजे गाडा अर्धा पाण्यात उतरवावा लागतो, खाऱ्या पाण्यात. त्यामुळे बेअरिंगं सतत साफ करून त्यांत नवं ग्रीस भरावं लागायचं. अण्णा ते काम घाईत करायचे, काडीने वरून ग्रीस फासायचे. एकदा आईने नुसतं बघितलं आणि म्हणाली, “अहो, वरसून लोणी फासलात म्हणून भाकरी आतसून मऊ होता काय?” त्या दिवसापासून ते काम तिच्याकडे आलं. आई वेंगुर्ल्याच्या गाबिताच्या घरातली, दर्यावर्दी माणसांतली. यंत्राचं तिला काही अप्रूप नव्हतं. पण हाताखालची वस्तू काय मागते आहे हे तिला कळायचं.

जेवणं झाली, भांडी झाली, की ती जुनं लुगडं नेसून पडवीत बसायची. पुढ्यात वर्तमानपत्र. घमेल्यात रॉकेल ओतून त्यात बेअरिंगं बुडवायची, ब्रशने घासायची, फडक्यावर वाळत ठेवायची. स्वच्छ झालेलं बेअरिंग किती सुंदर दिसतं हे तुम्ही कधी पाहिलंय का? निमुळते चकचकीत रोलर एका गोलात ओळीने बसलेले, बोटाने फिरवलं की सगळे मिळून कुजबुजल्यासारखे फिरतात. मग ती डाव्या तळव्यावर ग्रीसचा लिंबाएवढा गोळा घ्यायची, उजव्या हातात बेअरिंग धरायची आणि त्याची रुंद कड त्या गोळ्यावर दाबून ओढायची. पुन्हा दाबून ओढायची. दाबता दाबता ग्रीस रोलरांच्या फटींतून वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने बारीक शेवयांसारखं बाहेर यायचं. शेवया आल्या की एवढा भाग भरला. मग थोडं फिरवायचं, पुढचा भाग. मी तिच्या शेजारी गृहपाठ करत बसलेली. तिच्या तळव्याचा तो आवाज, ओल्या कणकेवर थाप पडल्यासारखा, ऐकत ऐकत मी कितीतरी इंग्रजी कविता पाठ केल्या. आजही एखादी म्हणायला घेतली की ओळींमध्ये ती थाप पडते. शाळेतल्या सिस्टर माझे हात उलटेपालटे करून नखं तपासायच्या आणि नाक मुरडून विचारायच्या, हा कसला वास? मी सांगायचे, “होम, सिस्टर.”

बेअरिंगं भरली की हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, अ‍ॅक्सलवर चढवायचं आणि वरून मोठा नट. हा नट लावणं आईच्या मते ग्रीसपेक्षा महत्त्वाचं होतं. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, अगदी चाक जड होईपर्यंत. आणि मग तो थोडा परत सोडायचा. एक खाच मागे. मग पिन घालून तिची टोकं दुमडायची. चाक धरून हलवलं तर हाताला जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल हवी, नाहीतर आतलं सगळं घासून तापतं. अण्णांना ही खाच कायम खटकायची. लोखंडी वस्तू सैल सोडायची हे त्यांच्या मनाला पटतच नसे.

आणि तिचा दुसरा नियम, जो तुमच्या बाबांनाही सांगा: लांबून आलेला गाडा लगेच पाण्यात घालायचा नाही. “तापलेलो माणूस गटागटा पाणी पिता, तसा तापलेला चाक पाणी ओढून घेता,” ती म्हणायची. “आणि ता खारा. एकदा प्यायला की आतसून कुजला.” म्हणून हबवर तळहात ठेवायचा. तो निवेपर्यंत थांबायचं. घाई असलेल्या लोकांना हे फार जड जायचं. मोठमोठे साहेब घड्याळं बघत किनाऱ्यावर फेऱ्या मारायचे आणि आई वाळूत बसून शेंगा सोलायची.

आता बाबलमामा. आईचा धाकटा भाऊ. तो माहुलला राहायचा. तिथे तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या सावलीत जुना कोळीवाडा आहे, त्यात त्याचं घर होतं, आणि त्याची एक होडी होती. होती, असंच म्हणायचं. या गोष्टीच्या तीन वर्षं आधी तो आमचा गाडा घेऊन गेला होता. त्याने वाटेत कुठेही न थांबता तो माहुलपर्यंत नेला आणि तसाच भरतीत घातला. पुढे होडी वर काढताना चाक निखळलं, होडी दगडावर आपटली आणि तिच्या तळाच्या फळ्या फुटल्या. अण्णा म्हणाले, गरम चाक पाण्यात घातलंस म्हणून. मामा म्हणाला, “भावोजींच्या गाड्याक चाकां खंय असत? पापड लायलेत पापड.” त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मधल्या काळात मामा दुसऱ्यांच्या होडीवर वाट्याने जात होता, आणि आई राखीला एकटी माहुलला जाऊन संध्याकाळच्या आत परत यायची. त्या दिवशी घरी स्वयंपाक मी करायचे आणि अण्णा निमूट जेवायचे. ती आली की ते विचारायचे, “बरे आसत सगळे?” ती म्हणायची, “आसत.” संपलं. पापडाची गोष्ट तिने कधी काढली नाही. पण ती चाकं तिच्या हातची होती, आणि ते शब्द तिच्या भावाचे होते. दोन्हीकडून बोट तिच्याकडेच दाखवलं जात होतं.

त्या वर्षी मामाने नवी होडी बांधायला टाकली, मनोरीच्या एका सुताराकडे. ती तयार झाली ऐन श्रावणात. नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होणार, पण त्याआधी उधाणलेल्या पाण्यातून एवढीशी होडी शहराला वळसा घालून माहुलला न्यायची कशी? खाडी ओलांडून मार्व्याला आणता येत होती. पुढे रस्ताच. आणि त्या भागात असा गाडा एकच होता.

मामा आमच्याकडे आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तो पडवीच्या पायरीवर बसला, अण्णा आत खुर्चीवर. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि मध्ये आई.

“आक्का,” मामा म्हणाला, “त्यांका विचार, होडी नेतले काय म्हणून.”

आईने मान वळवली. अण्णा म्हणाले, “त्याका सांग, नेतलंय. पण गाडो मी हाकतलंय. दुसऱ्या कोणाच्या हातात देवचंय नाय.”

“त्यांका सांग, माका हौस नाय हाकूची.”

“त्याका विचार, चाय घेतलो?”

“त्यांका सांग, साखर कमी घालूक.”

“साखर मी घालतंय,” आई म्हणाली. “तुमी दोघय गप बसा.”

मामा चहा पिऊन उठला. जाताना अंगणात तो आईला हळूच म्हणाला, आणि ते मी ऐकलं, “आक्का, होडी घालवून बसलंय तर परत उभी करूची ताकद नाय माझ्यात. यंदा ही पाण्यात पडाक होयी.” त्या दुपारी तिने दोन्ही चाकं खोलली, बेअरिंगं धुतली, पुन्हा भरली. तसं पाहिलं तर ती नुकतीच भरलेली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. पहाटे अर्धवट झोपेत मला शेडमधून एक आवाज ऐकू आला. पान्याचा, लोखंडावर लोखंड सरकल्याचा, आणि एका माणसाच्या जोर लावतानाच्या श्वासाचा. मला वाटलं स्वप्न आहे. त्या वयात मला पहाटे नेहमी होड्यांची स्वप्नं पडायची. मी कूस बदलली.

आम्ही तिघं निघालो. अण्णा जीप चालवत होते, आई शेजारी, मी मागे, होडीकडे तोंड करून. होडी काळी कुळकुळीत होती, नुकतं तेल पाजलेली, आणि तिचं टोक माझ्या डोक्याच्या थोडंसं वर. जीप हलली की ती माझ्याकडे बघून मान डोलवायची. बारीक पाऊस होता, पडतोय की नुसता तरंगतोय हे कळू नये असा. मालाड मागे गेलं, गोरेगाव, जोगेश्वरी. दुधाच्या बाटल्या घेऊन जाणारे लोक रस्त्यावर थांबून होडीकडे बघत होते. अंधेरीला एका म्हाताऱ्या बाईने जीप जवळून जाताना होडीला हात लावून नमस्कार केला. घरांच्या खिडक्यांतून, दुकानांच्या पाट्यांखालून, झाडांच्या फांद्यांमधून ती होडी चालली होती, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की रस्त्यावर पाणी आहे, कंबरभर, स्वच्छ, फक्त आम्हालाच दिसणारं. मी आता इतकी म्हातारी झाले, विमानाने दोनदा तुमच्याकडे येऊन गेले, पण त्यासारखा प्रवास पुन्हा झाला नाही.

अंधेरीला थांबून आईने हबवर हात ठेवला होता. उजवं चाक कोमट. डावं जरा जास्त. “बघत रवाक होया,” ती म्हणाली. साकीनाक्याचा चढ ओलांडून घाटकोपरच्या जवळ आलो तेव्हा मला तो वास आला, ग्रीस जळल्याचा. मी ओरडले. अण्णांनी जीप कडेला घेतली. आई उतरली, डाव्या चाकाशी वाकली आणि सवयीने तळहात ठेवला. ती किंचाळली नाही. नुसता “स्स” असा आवाज आला आणि तिने हात पदरात घेतला. पाहिलं तर उजव्या हाताचा तळवा लाल, बोटांच्या मुळाशी फोड यायला लागलेले.

समोर इस्त्रीचं दुकान होतं. तिथला माणूस बादली घेऊनच धावत आला. “मावशी, बाजू व्हा. पाणी मारतो, दोन मिनिटांत थंड!”

“तुमची इस्त्री पाण्यात बुडवता काय तापली म्हणून?” आई म्हणाली. “नका ओतू. ती बादली माझ्या हाताला द्या.”

तो हसला. बादलीत हात घालून आई इस्त्रीच्या दुकानाच्या फळीवर बसली. चाक निवायची वाट बघायची, दुसरं काही करायचं नव्हतं. मी डबा उघडला. घावणे होते आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. श्रावण असल्यामुळे सुकटीचं नावही नव्हतं. अण्णा खात नव्हते. ते गाड्याच्या पलीकडे उभे राहून होडीच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा तपासत होते. दोऱ्या घट्टच होत्या. इस्त्रीवाल्याने दोन घावणे खाल्ले आणि म्हणाला, “मावशी, हे झकास आहे. रोज गाडी इथेच बंद पाडा ना.”

चाक निवलं तसं अण्णांनी जॅक लावला. पिन काढली, नटाला पाना लावला. आणि तो नट सुटेना. अण्णांसारख्या माणसाला दोन्ही हात लावून, दात आवळून जोर करावा लागला. तेव्हा मला पहाटेचा आवाज आठवला. मी आईकडे पाहिलं. ती नटाकडे बघत होती, मग अण्णांच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा नटाकडे. तिने सोडलेली खाच कुणीतरी पुढे नेली होती, आणि वर आणखी आवळली होती. अण्णांनी मान वर केली नाही.

आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून गेलं होतं आणि रोलरांवर निळसर झाक आली होती. आईच्या पिशवीत मेणकागदात गुंडाळलेलं एक नवं बेअरिंग होतं, ते ती कायम बरोबर ठेवायची. तिने ते माझ्या हातात दिलं. “सुलू, तू भर.”

“मी?”

“मग कोण? माझो हात बघतंस मां?”

मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं, पण हात कधी लावला नव्हता. तळव्यावर ग्रीस घेतलं. ते गार होतं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा जड. दाबून ओढलं. काहीच झालं नाही, ग्रीस कडेला सांडलं. “दाब,” आई म्हणाली. “भिया नको, ता मोडणा नाय. तळव्यान दाब, बोटांनी नको.” पुन्हा. पुन्हा. पाऊस थोडा वाढला, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर काळी सावली आली. अण्णा छत्री धरून उभे होते. स्वतः भिजत होते, छत्री माझ्या हातांवर. कितव्यांदा तरी दाबल्यावर रोलरांच्या फटीतून बारीक, पिवळसर शेवया वर आल्या. माझ्या हातून आल्या. मला अजून त्या दिसतात.

नट अण्णांनीच लावला. आवळला, चाक फिरवलं, आणि थांबले. पाना त्यांच्या हातात तसाच. मग त्यांनी एक खाच मागे सोडली, न सांगता, आणि पिन घातली.

माहुलला पोहोचलो तेव्हा भरती वर चढत होती. पौर्णिमेच्या जवळची भरती, दुपारची, मोठी. कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत पावसाळी उजेडात फिकट केशरी दिसत होती. खाडीच्या काठावर बाकीच्या होड्या रंगवून, पताका लावून तयार. मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने होडी पाहिली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं.

“घाल, घाल, उलटो घाल गाडो!” तो आईला म्हणाला. “भरती भरत इली.”

“चाक तापलेला आसा,” आई म्हणाली. “निवांदे.”

“आक्का! अर्ध्या घटकेन पाणी वसरूक लागतला. उद्या दुपारी सगळ्यांच्यो होड्यो पाण्यात नाचतल्यो आणि माझी काय गाड्यार बसून नारळ बघतली?”

“बघूंदे. चाक निवल्याबिगर पाण्यात जाणा नाय.” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “सुलूचो हात सांगतलो तेवा.”

तेव्हाच मामाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. घाटकोपरला बांधलेलं फडकं भिजून सैल झालं होतं. “ह्या काय?”

“भाजला.”

“कशान?”

“चाकान.”

मामा पाण्यातून वर आला. अण्णा जीपला टेकून उभे होते, पण तो आईकडेच बघून बोलला. “परत? म्हणजे परत त्याच गाड्याचा चाक? मी तीन वर्सां बोलतंय ता खोटा नव्हता तर. त्यांका सांग...”

“माझ्या हातसून झाला,” आई पटकन म्हणाली. “ग्रीस कमी भरलंय मी. घाईत.”

आई आणि घाईत. काठावर लाटा फुटत होत्या आणि प्रत्येक लाट थोडी अधिक वर येत होती.

“नाय,” अण्णा म्हणाले.

ते जीपपासून पुढे आले आणि मामाच्या समोर उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. “बाबल, तिचा काय चुकला नाय. नट मी आवळलंय. फाटे उठून. तिना सोडलेली खाच माका बघवली नाय.” त्यांनी होडीकडे पाहिलं. “म्हटलं, तुझी होडी. ह्या खेपेक चाक सुटाक नको. पायजे तर गाडो मोडांदे, पण सुटाक नको. म्हणून आवळलंय. एवढो आवळलंय की जळलो.”

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो पापडावरून काहीतरी बोलेल. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले होते.

“पान्यान आवळलात?” मामाने विचारलं.

“पान्यान. वर पाइप लावन.”

“पाइप लावन!” मामाला हसू आलं. “भावोजी, ता चाक होता, बेवड्याचो खिसो नाय, एवढो आवळूक.”

अण्णा आधी हसले नाहीत. मग हसले. मग ते दोघंही गाड्याच्या दांड्यावर बसले, कारण दुसरं बसायला काही नव्हतं, आणि चाक अजून गरम होतं. मी हबवर हात ठेवून उभी. दर थोड्या वेळाने मामा विचारायचा, “काय गो, निवला?” आणि मी सांगायचे, “नाही अजून.” खरंच निवलं नव्हतं. पण मला हेही आठवतं की ते लवकर निवू नये असं मला वाटत होतं. ते दोघं काय बोलत होते ते सगळं ऐकू आलं नाही. जाळ्यांचं काहीतरी, वेंगुर्ल्याच्या घराच्या कौलांचं काहीतरी. मामीने चहा आणला. साखर कुणी विचारली नाही. ज्योत चिमणीवर हलत होती, भरती कळसाला येऊन क्षणभर थांबली, सगळं पाणी स्तब्ध, जड, पारा ओतल्यासारखं, आणि मग काठाशी तरंगणाऱ्या काड्या हळूच उलट्या दिशेने सरकायला लागल्या. माझ्या तळव्याखाली लोखंड गार झालं.

“निवलं,” मी म्हणाले.

तोवर पाणी बरंच मागे गेलं होतं. गाडा चिखलात उतरवावा लागला. एका बाजूला अण्णांचा खांदा, दुसऱ्या बाजूला मामाचा, मागून वाड्यातली माणसं, आणि आई भाजलेला हात छातीशी धरून ओरडत होती, “डावीकडे! माझ्या डावीकडे!” चाकं हबपर्यंत गाळात रुतली. होडी आधी हललीच नाही, मग एकदम सरकली, आणि पाण्यावर बसली. अण्णा आणि मामा कमरेपर्यंत चिखलात उभे होते आणि दोघांपैकी कोण कोण हे ओळखू येत नव्हतं.

गाडा वर ओढल्यावर मामा कुठेतरी नाहीसा झाला. आला तो विहिरीच्या गोड्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन. उकिडवा बसला आणि त्याने स्वतः दोन्ही चाकं धुतली, आतून बाहेरून, मीठ राहू नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी त्याने हे केलं नव्हतं. त्यावर तो एक अक्षरही बोलला नाही, आणि अण्णांनीही बोलू दिलं नाही. ते बादल्या भरून आणत राहिले.

त्या रात्री आम्ही माहुललाच राहिलो. दुसऱ्या दिवशी मामीने नारळीभात केला, लवंगा जरा जास्त घातलेल्या. आईला एका हाताने राखी बांधता येईना. दोरा सारखा सुटत होता. शेवटी अण्णांनी गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बांध. बेतान आवळ.” दुपारी भरतीला सगळ्या होड्या पाण्यात होत्या, मामाचीही.

आता थोडं आजचं सांगते. मार्वे रोडवर आमचं घर होतं तिथे इमारत आहे. शेड, जीप, गाडा, काहीच उरलं नाही. अण्णा गेले, आई गेली, बाबलमामा त्या दोघांच्या नंतर गेला. माहुलच्या खाडीतलं पाणी आता असं आहे की मामाच्या मुलाने मासेमारी सोडून बसवर ड्रायव्हरची नोकरी धरली आणि तीही करून तो निवृत्त झाला. मामाची ती काळी होडी कधी, कुणाला विकली हे मी विचारलेलं नाही. मला बेअरिंग भरता येतं, पण भरायला चाक नाही. शाळेत मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ते चांगलं गेलं.

माहुलची माणसं मात्र अजून येतात. एका वर्षी ती आमच्याकडे, एका वर्षी आम्ही त्यांच्याकडे. या नारळी पौर्णिमेला मामाचा मुलगा, सून, दोन नातवंडं अशी सगळी बोरिवलीला आली होती, दिवसभर राहिली, दुपारी जमिनीवर सतरंजी टाकून झोपली, आणि संध्याकाळी भांडी घासून गेली. पुढच्या वर्षी आम्ही जायचं आहे.